तांबड्या गोळ्यांतली मोहरी

सुप्याच्या दवाखान्यात मी सुईण म्हणून लागले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की बाळंतिणी बघायच्या, कात्री उकळून ठेवायची आणि डॉक्टर म्हणतील ते ऐकायचं. शिकावं लागेल असं कुणी बोललं नव्हतं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी अणशीला दिवसभर चुलीपुढं बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून आले. आणि बघते तो काय, डॉक्टरांनी दवाखान्याच्या मागच्या पडवीत चक्क शाळा भरवलेली!

त्या शाळेत आम्ही तिघं. एक जखमा बांधणारा ड्रेसर, एक गावोगाव हिंडून देवी टोचणारा आणि तिसरी मी. तिघांचीही मिशा उगवायची वयं केव्हाच सरलेली, म्हणजे त्या दोघांची. माझं सोडा. डॉक्टर धारवाडकडचे, अंगानं काटकुळे. घरात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. ही गोष्ट पहिल्या जर्मन लढाईच्या थोडी आधीची. आम्हा तिघांना हिवताप शिकवून खेड्यापाड्यांत कोयनेल, म्हणजे तुमचं क्विनीन, वाटायला धाडायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

आता ताप काय आम्हाला नवा होता? काळी नदीच्या दोन्ही काठांना जन्माला आलेलं माणूस ताप घेऊनच वाढायचं. लेकरांच्या पोटात पानथरी वाढून पोटं घागरीएवढी व्हायची. सुप्याला बदली झाली म्हटलं की कारकुनांच्या घरी रडारड. आमचा ताप पाळीचा. आज हुडहुडी भरून माणूस घोंगडीखाली थडथड उडणार, उद्या उठून नांगर धरणार, परवा त्याच वेळेला पुन्हा आडवं. उद्याचा तो बरा दिवस म्हणजे आमच्या लेखी देवाची कृपा. त्या दिवशी ते कडू जहर कोयनेल तोंडात घालील असा माणूस मी तरी पाहिला नव्हता. ताप न्हाई तर औषद कशापायी, म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

मी दवाखान्यात लागायच्या आदल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा ह्याच तापानं गेला. चार वर्षांचा होता. ताप आला की निपचित पडायचा आणि बरा दिवस आला की अंगणात कोंबड्यांमागं धावायचा. भावानं सुप्याहून आणलेल्या कोयनेलच्या पुड्या निम्म्या तशाच राहिल्या. खेळतंय पोर, त्याला कशाला कडू पाजायचं, असं आम्ही सगळेच म्हणालो. आणि एका तापाच्या दिवशी ते डोळे फिरवून गेलं. भावजय त्यानंतर महिनाभर कुणाशी बोलली नाही. तिच्याजवळ आता एकच लेक उरली होती, सहा वर्षांची.

तर शाळा. डॉक्टरांकडं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात चित्रं. चित्रांत नुसती वाटोळी. डॉक्टर म्हणाले, हे रक्तातले कण. ह्यांच्यामुळंच रक्त तांबडं दिसतं. तापाचा जंतू ह्यांच्या आत शिरून बसतो. देवी टोचणारा चित्राकडं बराच वेळ बघून म्हणाला, "मला तर बांगड्या वाटत्यात." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. पुन्हा सांगितलं, पुन्हा आमच्या डोक्यावरून गेलं. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, रागावू नका, पर जे डोळ्याला दिसत न्हाई आनि हाताला लागत न्हाई, ते आमी डोक्यात कुठं ठेवायचं? बाईमाणसाला पोटातलं पोर दिसत न्हाई, पर हात ठेवला तर लाथ तरी मारतंय की!"

ड्रेसरनं जीभ चावली. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या म्हणाले, "बाई, तांदळाचं पीठ आहे का घरात? आणि कुंकू, मोहरी, थोडे मिरीचे दाणे?"

कुंकवाच्या पाण्यात पीठ मळून मी सुपारीएवढ्या तांबड्या गोळ्या वळल्या. सूपभर झाल्या. डॉक्टरांनी मला पाठ फिरवायला सांगितली, त्यांत काहीबाही भरलं, आणि त्यांतली एक माझ्या हातात दिली. "हा तापाचा दिवस. फोडा." मी दाबली तशी गोळी फुटली आणि आतून मोहरी भसकन सांडली, सगळ्या सुपात पसरली. "हे सगळे एकदम फुटून रक्तात सांडतात, तेव्हा हुडहुडी भरते," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सांडलेला एकेक दाणा एकेका नव्या गोळीत दाबायला लावला. गोळ्या पुन्हा गुळगुळीत, तांबड्या, सुंदर. "आता उद्याचा दिवस. माणूस कसा?"

"बरा," आम्ही तिघं एका सुरात.

"बरा काय? फोडा ही." त्यांनी दुसरी गोळी दिली. बाहेरून अगदी तशीच. फोडली तर आत मोहरी नव्हती. मिरीचा दाणा होता, टपोरा, काळाभोर. मोहरीची मिरी झालेली! "आणि ही परवाची," म्हणत त्यांनी तिसरी फोडली, तर पुन्हा मोहरीच मोहरी. एका दाण्याची मूठभर.

काय सांगू! बरा दिवस म्हणजे बरा नव्हेच की! आत ते वाढत बसलेलं असतं. औषध त्याच दिवशी हवं, रोज हवं, आत एकही दाणा उरत नाही तोवर हवं. जे पुस्तकातून डोक्यात शिरलं नाही ते त्या दिवशी माझ्या बोटांना कळलं. मी त्या रात्री जेवले नाही. मला भाच्याच्या पायांतले चाळ आठवत होते.

डॉक्टरांना मग हुरूपच आला. चटया विणणाऱ्या एका कुणब्याकडून त्यांनी बांबूच्या कामट्यांचा डास करवून घेतला, कोंबड्यांच्या डालग्याएवढा. पोटाला झाकण, आत गोळ्या ठेवायला जागा. पंख जुन्या धोतराचे. तापाचा डास बूड वर करून बसतो म्हणाले, म्हणून त्याचंही बूड वर. देवी टोचणाऱ्यानं त्याला काजळीनं रंगवला. आमची पडवी त्या ध्यानानं भरून गेली. दवाखान्यात येणारी पोरं बघून किंचाळायची.

मी एकदा म्हटलं होतं बरं का. तांबडी गोळी, काळी मोहरी, वर सूप. "डॉक्टर, हे आमच्याकडं उताऱ्यागत दिसतंय." ते हसले. "दिसू दे. लक्ष तरी देतील." त्यांचंही खरंच होतं म्हणा, लक्ष तर दिलंच लोकांनी.

पहिला मान अणशीला, कारण ते माझं माहेर. बैलगाडीत मधोमध तो डास, कडेला आम्ही. जंगलाच्या वाटेनं बैल सारखे बुजत होते. देवळापुढं सगळं गाव जमलं. डॉक्टरांनी डासाच्या पोटातून गोळ्या काढल्या, फोडल्या, मोहरी सांडली, हा बघा ताप म्हणाले. लोक हात जोडून ऐकत होते. गावचा बुधवंत, म्हणजे आमच्याकडचा कुणब्यांचा पुढारी, तो तर मान डोलवत होता. डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघितलंत? किती भक्तिभावानं ऐकतात." मग त्यांनी घरोघरी कोयनेल वाटलं, ताप असो नसो रोज घ्या म्हणून दहादा बजावलं. माझ्या भाचीलाही त्या आठवड्यात पाळीचा ताप सुरू झाला होता. तिच्या पुड्या मी स्वतः भावजयीच्या हातात ठेवल्या. तिनं मुकाट्यानं पदरात बांधल्या. लोकांनी रोज बघावं म्हणून तो डास डॉक्टरांनी देवळाच्या पडवीतच ठेवला आणि आम्ही परतलो.

आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी दवाखान्यात अणशीकडच्या नंदिगद्दे गावचा एक माणूस तरातरा आला आणि पायरीवरूनच ओरडायला लागला. "डॉक्टर, ह्यो कुठला न्याय? अणशीचा ताप आमच्या वाटंवर आनून टाकलाय त्येंनी!"

आता गं बया! हळूहळू सगळा उलगडा झाला. आमच्याकडं गावात रोगराई आली की तिला टोपलीत बसवून, खण-नारळ देऊन, ढोल वाजवत शिवेबाहेर पोचवायची रीत आहे. अणशीकरांनी सरळ हिशेब केला. एवढ्या मोठ्या डॉक्टरनं ताप पकडून, बांबूच्या धुडात कोंडून, वर तांबड्या गोळ्या नि मोहरी ठेवून देवळात आणून दिलाय. म्हणजे पुढचं काम गावाचं. त्यांनी ते मनापासून केलं. नंदिगद्देकर तरी काय कमी? त्यांनीही नारळ फोडून तो पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन ठेवला होता आणि आता पुढचं गाव भांडायला उठलं होतं. देवी टोचणारा पोट धरून हसायला लागला. डॉक्टरही हसले.

तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "अणशीत आता कोन बी औषद घेत न्हाई. ताप घालवला म्हनत्यात."

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी विझलं. जे औषध चालू राहावं म्हणून एवढा खटाटोप केला, तेच त्या खटाटोपानं बंद पडलं. आणि मला तर समोर भाची दिसायला लागली. त्या दिवशी डॉक्टरांची स्वतःचीच तापाची पाळी होती, त्यांना उभं राहवत नव्हतं. "बाई, तुम्ही जा," एवढंच म्हणाले. मिळेल ती गाडी धरून मी निघाले आणि वस्ती करून दुसऱ्या दिवशी सकाळी अणशीला पोचले.

अंगणात भाची कोंबड्यांमागं धावत होती. मला बघून "आत्ती आली, आत्ती आली" करत येऊन बिलगली. अंग गार होतं. तोंड मात्र पिवळं पडलेलं, आणि ओठांवर तापाचे फोड. भावजय उंबऱ्यात उभी होती. कितीतरी दिवसांनी मी तिच्या तोंडावर हसू बघितलं.

"वन्सं, काल लई हुडहुडली वो. पर ती शेवटची. जाता जाता जाळ काडून गेली बगा. आज कशी खेळाय लागलीया."

"पुड्या दिल्यास?"

"आता कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथंच अंगणात सुरू झाले. अक्कल गहाण टाकलीस काय, डॉक्टर काय वेडे म्हणून घसा फोडून सांगत होते काय, तो ताप नव्हता, तो बांबूचा डास होता, बांबूचा! भाऊ गोठ्यातून डोकावला आणि परत आत गेला. भावजय सगळं ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "वन्सं, हळू बोला. शिवंभाईर घातल्यावर त्येचं नाव घ्याचं न्हाई. औषद घेतलं म्हंजी ताप अजून घरात हाय म्हनल्यावानीच हुतंय. हाक मारून बलवायचं काय त्याला? माज्याजवळ आता ही एकच हाय."

ती मूर्खपणानं पुड्या बंद करून बसली नव्हती. लेक वाचावी म्हणूनच बसली होती. मी पण त्याचसाठी आले होते. दोघींच्या मधे फक्त ती एक गोळी होती, जी मी फोडून बघितली होती आणि तिनं बघितली नव्हती. देवळापुढं डॉक्टरांनी फोडली होती खरी, पण चार हात लांबून, पुढं पुरुष उभे, बायका मागं. तिला दिसणार काय?

मी पाय धुतले, चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "जरा तांदळाचं पीठ दे. आनि कुंकवाचा करंडा."

ती घाबरली. "उतारा हाय?"

"न्हाई गं. भातुकली समज. ये, मळ माझ्यासंगं."

तिनं पीठ मळलं. हात सवयीचे, पीठ कसं लोण्यागत झालं. गोळ्या तिनंच वळल्या. मी पाठमोरी होऊन मोहरी आणि मिरी भरली आणि सुपात मांडल्या. एकीकडं कालच्या, मधे आजच्या, पलीकडं उद्याच्या. "ह्या तुज्या लेकीच्या रक्तातल्या," मी म्हटलं. "ही कालची. फोड."

मोहरी सांडली. ती दचकली. काल दुपारी लेक घोंगडीत उडत होती ती हीच वेळ, हे तिला सांगावं लागलं नाही. मी सांडलेले दाणे नव्या गोळ्यांत तिच्याच बोटांनी दाबून घेतले. म्हटलं, "तुमी डासाला शिवंभाईर घातला. बरं केलं. पर त्यो नुसता पेरून जानारा. पेरणारा मानूस बांधावरनं निघून गेला म्हनून शेत उगवायचं थांबतंय व्हय?"

ती शेतकऱ्याची लेक. तिनं मान हलवली, न्हाई म्हणाली.

"आता ही मधली. ही आजची. वरनं कशी दिसती?"

"चांगली."

"फोड."

तिनं फोडली. मिरीचा दाणा तिच्या तळहातावर आला. ती त्याच्याकडं बघत राहिली. बाहेर अंगणात भाची कोंबड्यांवर ओरडत होती. भावजयीनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा तळहाताकडं. मला वाटलं, कळलं हिला, सुटले मी. आणि ती म्हणाली, "म्हंजी माजा खेळत हुता... तवा बी?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी लेकीसाठी आले होते. मुलगा त्या गोळीतून बाहेर येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

खोटं सांगितलं असतं तर सगळंच खोटं पडलं असतं. मी म्हटलं, "व्हय, बाई. तवा बी."

"मग तवा का न्हाई सांगितलंसा?"

"मला तरी कुठं ठावं हुतं गं? ठावं असतं तर मी त्येच्या तोंडात बोट घालून पाजलं नसतं काय?"

ती रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. चूल विझली, भाऊ दारात येऊन उभा राहिला आणि काही न विचारता निघून गेला. बऱ्याच वेळानं ती उठली. पुड्या दिव्याच्या कोनाड्यात होत्या. तिचा हात आधी मागच्या एका पुरचुंडीवर पडला, दमटपणानं दगड झालेल्या. "ह्या त्येच्या," म्हणाली, आणि परत होत्या तिथं ठेवल्या. मग पुढची पुडी काढली, लेकीला हाक मारली, मांडीवर आडवी घेतली आणि नाक धरून पाजली. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "मी बरी हाय, मला ताप न्हाई!" म्हणून लाथा झाडत होती. भावजयीनं गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "बरी हाईस म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी ताप आलाच. माझी पाचावर धारण बसली. मला धाक हा, की आता भावजय म्हणणार, बघा, हाक मारली नि आला. तिनं तसं काही म्हटलं नाही. ताप उतरल्यावर तिनंच पुडी सोडली. त्याच्या पुढची पाळी हलकी गेली, आणि मग आलीच नाही. पुड्या मात्र संपेपर्यंत चालल्या. भाचीला आता नातवंडं आहेत आणि अजूनही तिला कडू कारलं चालत नाही.

तो बांबूचा डास काही आम्हाला परत मिळाला नाही. शिवेबाहेर घातलेली वस्तू कोण उचलून आणणार? कुणी म्हणे तो घाट उतरून कारवारच्या वाटेला लागला. डॉक्टरांनी दुसरा करवला नाही. त्याची गरजही उरली नाही, कारण अणशीत घरोघरी जाऊन गोळ्या दाखवायचं काम भावजयीनं घेतलं. पीठ ज्या त्या घरचं, मोहरी ज्या त्या घरची. बायका आमचं ऐकायच्या नाहीत, तिचं ऐकायच्या. तिचं काय गेलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

एकदा डॉक्टर स्वतः बघायला आले. एका ओसरीवर भावजय एका तरुण आईला घेऊन बसली होती. पहिली गोळी तिनं फोडून दाखवली, शेवटचीही तिनंच फोडली. मधली मात्र त्या बाईच्या हातात दिली आणि ती फुटेपर्यंत स्वतः अंगणाकडं तोंड करून बसली. डॉक्टरांचं अशा गोष्टींकडं बरोबर लक्ष जायचं. परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "मधली गोळी ती कधीच फोडत नाही का?"

मी म्हटलं, "तिची फोडून झालीया, डॉक्टर."